मुख्य नळीचा मीटर बरोबर होता

गेल्या उन्हाळ्यात दोन दिवस पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. भाचा घरूनच ॲनिमेशनचं काम करतो. त्याच्या खोलीत डोकावलो तर टेबलावर काचेची मोठी पेटी, आत निळसर पाणी भरलेल्या लवचीक नळ्या, आणि हा समोर डोक्याला हात लावून बसलेला.

"मामा, तुला पंपातलं काही कळतं का रे?"

"एकाच पंपातलं कळतं. तीस वर्षं तोच बघतोय," मी म्हटलं.

ती काचेची पेटी म्हणजे त्याचा संगणक. साध्या संगणकात पंखा असतो, तो भुर्र करत गरम हवा बाहेर फेकतो. याने पंख्याच्या जोडीला पाणी खेळवलं होतं. छोटा पंप पाणी ढकलतो, ते तापणाऱ्या भागांवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यांतून जातं, तिथली उष्णता उचलतं आणि मोटारीत असतो तशा रेडिएटरमधून गार होऊन परत पंपाकडे येतं. तापणारे भाग दोन. एक प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप. दुसरं ग्राफिक्स कार्ड, ज्याच्यावर चित्रं तयार करण्याचा सगळा बोजा. दोघांवर एकेक तांब्याचा ठोकळा. त्याला ही मंडळी ब्लॉक म्हणतात.

तक्रार अशी होती. काम सुरू केलं की प्रोसेसर मिनिटा-दोन मिनिटांत ९५ अंशांवर जायचा आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करायचा. त्याच वेळी ग्राफिक्स कार्ड मात्र ५५ अंशांवर निवांत. रात्रभरात होणारं काम दोन रात्रींवर गेलं होतं आणि एका जाहिरातीची मुदत चार दिवसांवर आली होती. पंप चालू, पाणी भरपूर, गळती नाही. पंपाच्या तोंडाशी बसवलेला प्रवाहाचा मीटर मिनिटाला चार लिटर दाखवत होता. कुणाच्या तरी सल्ल्याने त्याने आठवड्यापूर्वी जास्त ताकदीचा पंपही आणला होता. मीटर तेवढा वाढला, प्रोसेसर जिथे होता तिथेच.

चार लिटर ऐकून मला गंमत वाटली. आपलं हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. म्हणजे हा संगणक आणि त्याचा मामा, दोघांचे पंप जवळपास एकाच मापाचे.

"जोडणी कशी केलीस?" मी विचारलं.

त्याने कागदावर काढून दाखवली. पंपातून आलेली नळी एका तिकाट्यावर फुटते. एक फांदी प्रोसेसरकडे, दुसरी ग्राफिक्स कार्डाकडे. पलीकडे दोन्ही पुन्हा एकत्र येऊन रेडिएटरमध्ये जातात. शाळेत विजेच्या धड्यात शिकलो ती समांतर जोडणी. त्याचा विचार चांगला होता. दोघांनाही सारखंच गार पाणी मिळावं, एकाने तापवलेलं पाणी दुसऱ्याच्या नशिबी येऊ नये.

ते चित्र बघताना मला एक जुना प्रकार आठवला. आमच्याकडे अधूनमधून असा रुग्ण येतो की ज्याचा रक्तदाब १३०/८०, नाडी उत्तम, हृदयाचा आलेख ठीक, आणि तक्रार एवढीच की उजवा पाय गार पडतो, चार पावलं चाललं की पोटरी भरून येते. पंपात दोष नाही, मुख्य नळीतल्या दाबात दोष नाही. दोष एका फांदीत. तिथे हात लावल्याशिवाय तो सापडत नाही. मी भाच्याला म्हटलं, "झाकण काढ, नळ्यांना हात लावू दे."

ग्राफिक्स कार्डाकडून परत येणारी नळी कोमट लागली. प्रोसेसरकडून परत येणारी चांगली कढत होती. निदान तिथेच अर्धं झालं. पाणी भरपूर वाहत असेल तर ते थोडंसंच तापून बाहेर पडतं. ते खूप तापून येत असेल तर त्याचा अर्थ एकच, आत ते रेंगाळतंय. दीडशे वॅटची उष्णता मिनिटाला दोन लिटर पाण्याला दिली तर पाणी एखाद्या अंशाने तापतं. तीच उष्णता पाव लिटरला दिली तर आठ-नऊ अंशांनी.

मग मी ग्राफिक्स कार्डाकडे जाणारी नळी दोन बोटांत धरून अर्धवट दाबली. भाचा ओरडलाच, "मामा, अरे ते कार्ड जळेल!" पण अर्ध्या मिनिटात पडद्यावरचा प्रोसेसरचा आकडा उतरायला लागला. ९५, ९१, ८६, ८१. बोटं सोडली की पुन्हा चढायचा. तीनदा करून पाहिलं, तीनदा तसंच.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रोसेसरवरचा ब्लॉक उघडला. आत तांब्याच्या बारीक पात्यांची रांग असते. दोन पात्यांमधली फट मिलिमीटरच्या अंशाइतकी. त्या फटींत पांढरट, चिकट साका बसला होता. स्वस्त लवचीक नळ्यांचं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात काही द्रव्यं मिसळलेली असतात. महिनोन् महिने कोमट पाणी फिरलं की ती सुटतात आणि सगळ्यात अरुंद जागा बघून बसतात. धमनीच्या अस्तरात चरबी साठते तिची रीत अगदी निराळी, पण भाच्याला समजावायला मला दुसरं उदाहरण शोधावं लागलं नाही.

आता खरा प्रश्न असा की एक फांदी जवळजवळ बंद पडलेली असताना मुख्य मीटरला ते कळलं कसं नाही? ज्यांनी चाळीत किंवा जुन्या इमारतीत दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको. खालच्या मजल्यावर कुणी नळ पूर्ण सोडला की वरच्या मजल्यावरची धार करंगळीएवढी होते. टाकीतून बाहेर पडणारं पाणी तेवढंच असतं. पाणी गरज बघून जात नाही, जिथे अडथळा कमी तिथे जातं. प्रोसेसरच्या फटी बुजल्या तसं त्याच्या वाट्याचं पाणी ग्राफिक्स कार्डाच्या रुंद वाटेने गेलं, आणि मीटर म्हणाला, सगळं ठीक. मोठा पंप आणला तेव्हा वाढीव पाणीही त्याच सोप्या वाटेने निघून गेलं.

अडथळा कशावर ठरतो, हे ज्याने मोजलं तो डॉक्टरच होता. पॅरिसचा ज्याँ पोझय. १८२८ मध्ये त्याने आपल्या प्रबंधासाठी पाऱ्याची नळी वापरून प्राण्यांच्या धमन्यांतला दाब मोजला. पुढे त्याला प्रश्न पडला की केसाएवढ्या वाहिनीतून रक्त किती वाहतं. रक्त गोठतं, म्हणून त्याने काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून वर्षानुवर्षं मोजमाप केलं. निष्कर्ष असा की बाकी सगळं तेच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. हागेन नावाच्या जर्मन अभियंत्यानेही १८३९ मध्ये स्वतंत्रपणे हेच शोधलं, म्हणून आज दोघांचं नाव त्या नियमाला आहे. उलट बाजूने पाहिलं तर त्रिज्या फक्त सोळा टक्क्यांनी घटली तरी प्रवाह निम्म्यावर येतो. पात्यांमधल्या सपाट फटींचं गणित किंचित वेगळं आहे, पण रोख तोच. डोळ्यांना न दिसणारा फरक प्रवाहात मोठा होतो.

भाच्याने ब्लॉक भांड्यांच्या साबणाने आणि मऊ टूथब्रशने घासला, नळ्या बदलल्या आणि यावेळी मी सुचवलं म्हणून दोन्ही ब्लॉक एकामागे एक जोडले. ही एकसर जोडणी. त्यात पाण्याला पळवाट नाही. पंपातून निघालेला प्रत्येक थेंब आधी एका आणि मग दुसऱ्या ब्लॉकमधून जातो. एखादा ब्लॉक तुंबू लागला तर सगळाच प्रवाह घटतो आणि मुख्य मीटर लगेच चुगली करतो. त्याला भीती होती की ग्राफिक्स कार्डाने तापवलेलं पाणी प्रोसेसरला मिळेल. आम्ही पाठच्या पानावर हिशेब केला. तीनशे वॅट, मिनिटाला चार लिटर, तापमानवाढ जेमतेम एक अंश. या एका अंशासाठी त्याने समांतर जोडणीची सगळी कटकट ओढवून घेतली होती. घरच्या संगणकाला एकसर जोडणीच बरी, असं माझं मत झालं. माझं मत या विषयात कितपत धरायचं ते तुम्ही ठरवा.

मग शरीराने एकसर जोडणी का नाही केली? कारण पाण्याने एक अंश उचलला तरी त्याची उचलण्याची ताकद संपत नाही, पण रक्तातला प्राणवायू संपतो. हृदयाचा स्नायू आपल्याकडे येणाऱ्या रक्तातला दोनतृतीयांशाहून अधिक प्राणवायू काढून घेतो. त्याच्यामागे रांगेत मेंदू उभा असता तर त्याला उष्टंच मिळालं असतं. म्हणून मेंदू, हृदय, किडन्या, आतडी, स्नायू, त्वचा, सगळे महाधमनीवर शेजारी शेजारी लावलेले. फुप्फुसं तेवढी सगळ्यांच्या रांगेत, कारण तिथून प्रत्येक थेंब जायलाच हवा. आणि यकृत अर्धंमुर्धं आतड्यांच्या मागे, कारण आतड्यांतून आलेलं रक्त आधी त्याने तपासायचं असतं. विश्रांतीत पाच लिटरपैकी सव्वा लिटरच्या आसपास किडन्या घेतात, पाऊण लिटर मेंदू, पाव लिटर स्वतः हृदय.

पण समांतर जोडणी आली की खालच्या मजल्याचा नळही आला. हे भांडण शरीर धमनिकांच्या जोरावर सोडवतं. धमनी फुटत फुटत केशवाहिन्यांना भेटते त्याआधीचा हा शेवटचा टप्पा. भिंतीत स्नायू असलेली बारीक नळी. ती थोडीशी आकसली की पोझयच्या नियमाने प्रवाह धाडकन उतरतो, थोडी सैल झाली की वाढतो. विलियम बेलिस या इंग्लिश शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये दाखवलं की दाब वाढला तर ती स्वतःहून आकसते, मज्जातंतूंच्या हुकमाची वाट न पाहता. आपल्याकडे ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. चढउताराच्या रानात दाब-नियंत्रित ड्रिपर वापरतात. त्यात रबराचा छोटा पडदा असतो. दाब वाढला की पडदा वाट अरुंद करतो, आणि म्हणून पहिल्या झाडाला आणि शेवटच्या झाडाला सारखं पाणी मिळतं. प्रत्येक ड्रिपर म्हणजे एक साधीसुधी धमनिकाच.

घरच्या संगणकाचं एकसर जोडणीवर भागलं, महासंगणकाचं भागत नाही. तिथे शेकडो चिप एका रांगेत लावल्या तर पंपाला पाणी ढकलणं अशक्य होईल आणि शेवटच्या चिपला खरंच कढत पाणी मिळेल. म्हणून तिथे समांतर फांद्या अपरिहार्य. पुण्याच्या आयसर संस्थेतला 'परम ब्रह्म' महासंगणक असाच द्रवाने थंड ठेवला जातो. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात आयबीएमने २०१० मध्ये 'ॲक्वासार' उभा केला. त्यात साठ अंशांपर्यंतचं गरम पाणी चिपवरून फिरवत आणि तिथून उचललेली उष्णता विद्यापीठाच्या इमारती उबदार ठेवायला वापरत. साठ अंशांच्या पाण्याने थंड करायचं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण चिप ऐंशीवर असेल तर साठ तिच्यासाठी गारच. अर्थात पाणी इतकं गरम असताना एखाद्या फांदीला कमी मिळून चालत नाही, तिथे सवड उरलेली नसते.

या फांद्यांचा तोल साधायच्या युक्त्या मला फार आवडल्या. एक म्हणजे सगळ्या वाटा सारख्या लांबीच्या करणं. ज्या फांदीला पाणी सगळ्यात आधी मिळतं तिचं पाणी परतीच्या नळीत सगळ्यात शेवटी पोचेल अशी मांडणी करतात, म्हणजे जवळच्याचा फायदा परतीच्या वाटेवर वळता होतो. दुसरी युक्ती झडपांची, आणि तिथेच नवखा माणूस चुकतो. दुबळ्या फांदीला जास्त पाणी हवं तर तिची झडप उघडून उपयोग नसतो, ती आधीच पूर्ण उघडी असते. आवळावी लागते ती बळकट फांदीची झडप. एकूण पाणी थोडं घटतं, पण सगळ्यांना पुरतं. मी दोन बोटांनी केलं ते हेच.

ही वाटणी जमली नाही तर काय होतं, ते आम्ही दरवर्षी एप्रिल-मेमध्ये वॉर्डात बघतो.

एका मे महिन्यात दुपारी पस्तिशीचा एक गवंडी आला. अशक्तपणा, मळमळ, कंबर दुखतेय. सोबत त्याची बायको. नव्याने रुजू झालेल्या इंटर्नने व्यवस्थित तपासून लिहिलं होतं: रक्तदाब ११०/७०, नाडी १०४, ताप नाही. "सर, सलाईन लावून संध्याकाळी सोडू या का?" तिने विचारलं. मी त्याच्या बायकोला विचारलं, "लघवी कधी झाली यांना?" तिने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "काल रात्री, साहेब. थोडीशी."

उन्हात काम करताना शरीराचा रेडिएटर म्हणजे त्वचा. एरवी तिला पाव-अर्धा लिटर रक्त पुरतं. कडक उन्हात त्वचेची वाट इतकी उघडते की तिथला प्रवाह सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे विश्रांतीतल्या हृदयाच्या सगळ्या कमाईपेक्षा जास्त. हृदय जोर वाढवतं, पण तेवढ्याने पुरत नाही. मग आतड्यांच्या आणि किडन्यांच्या फांद्या आवळल्या जातात. ही आवळाआवळ आहे म्हणूनच रक्तदाब टिकतो. घाम जाऊन पाणी कमी पडलेलं असेल तर आणखी आवळतात. दंडावरचा पट्टा मुख्य नळीचा दाब सांगतो, किडनीच्या फांदीत काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं.

अशा वेळी किडनी स्वतःची वाट उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करते. हा तिचा शेवटचा आधार. आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकं तेच द्रव्य बनू देत नाहीत, दुखणं थांबतं ते त्यामुळेच. एरवी धडधाकट माणसाने पोटभर जेवून, पाणी पिऊन एखादी गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. या गवंड्याने कंबरदुखीसाठी पाच दिवस सकाळ-संध्याकाळ घेतल्या होत्या, उन्हात स्लॅबवर काम करत. पाणी खाली ठेवलेलं, वर चढून गेलं की तीन-तीन तास उतरायचं नाही.

क्रिएटिनिन ३.८ आलं. गोळ्या बंद केल्या, सलाईन सुरू केलं, मूत्रनलिका घातली आणि पिशवीवर तासातासाला खूण करायला सांगितलं. प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर तरी लघवी व्हावी, म्हणजे त्याच्या वजनाला तीसेक. पहिल्या तीन तासांत मिळून पंधरा झाली. डायलिसिसवाल्यांना सांगून ठेवलं. इंटर्न त्या रात्री तिची पाळी नसताना थांबली. पहाटे साडेतीनला तिने फोन केला, "सर, या तासाला बावीस." सकाळी चाळीस. डायलिसिस लागलं नाही. आठवड्याने तो घरी गेला तेव्हा क्रिएटिनिन १.३ होतं.

आमचे जुने प्राध्यापक राउंडला आले की फाइल न उघडता आधी खाटेखालची पिशवी बघायचे. विद्यार्थिदशेत आम्हाला ते विक्षिप्त वाटायचं. ती पिशवी म्हणजे किडनीच्या फांदीवरचा मीटर, हे तेव्हा असं कुणी सांगितलं असतं तर लवकर समजलं असतं. घरी मीटर नसतो, पण रंग असतो. उन्हातून आलेल्या माणसाची लघवी गडद पिवळी, थोडी आणि सहा-आठ तासांत एकदाच होत असेल तर रक्तदाब चांगला निघाला म्हणून घरी बसू नये. बीपीच्या किंवा किडनीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी उन्हाळ्यात वेदनाशामक घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. त्यातल्या काही गोळ्या याच फांदीवर काम करतात.

भाच्याचं जाहिरातीचं काम मुदतीच्या आदल्या रात्री पूर्ण झालं. प्रोसेसर आता सत्तरच्या आसपास असतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, मित्रासाठी चार कार्डांचं मोठं यंत्र बांधतोय, तिथे समांतर जोडणी करावीच लागणार आहे. "पण मामा, या वेळी चारही फांद्यांवर वेगवेगळे मीटर लावलेत," म्हणाला. मी विचारलं, "किती खर्च आला?" आकडा ऐकून गप्प बसलो. आमच्या वॉर्डातली पिशवी तेवढ्यात काही हजार आली असती.